आकड्याचं घर छोटं पडलं

आप्पा, शाहपूरकडच्या केळीच्या शेतांचे जुने नकाशे कम्प्युटरवर चढवायचं काम आमच्या ऑफिसात चालायचं, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. गावोगावच्या कचेऱ्यांतलं सगळं एकाच डिस्कवर आणायचं होतं. मालक तुमचा जुना विद्यार्थी, तुमच्या शब्दावर त्याने मला घेतलेलं. डिस्क किती भरली ते दाखवणारा प्रोग्रॅम त्याने इंदूरहून लिहून आणला होता, सांभाळायचे मी. माझ्या शेजारी लोधीपुऱ्यातली एक मुलगी नकाशे स्कॅन करायची.

एका सकाळी पडद्यावरचा आकडा पार खाली आलेला असतो. काल भरत आलेली डिस्क आज जवळजवळ रिकामी. मालक ओरडतो, "सगळं काम साफ! काल शेवटी मशीनवर कोण होतं?" तीच होती. ती रडत नाही. "मी काही पुसलं नाही. उघडून बघा ना," एवढंच म्हणते. दोन-चार नकाशे उघडतात, व्यवस्थित दिसतात. तरी मालकाचं एकच, "बाकीचे गेले असतील. हजारो आहेत, कोण बघत बसेल?" तिला घरी पाठवतात.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, त्या पोरीवर नजर ठेव म्हणून. तू मध्ये पडू नको." तिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत होतं, मी विचारलं. "काहीच नाही. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी मी एकेका फोल्डरचा आकार वेगळा काढून कागदावर बेरीज केली. काहीही गेलं नव्हतं. बेरीज ठेवायला प्रोग्रॅममध्ये जो आकड्याचा प्रकार निवडला होता, त्यात चारशे कोटींच्या थोडं वरपर्यंतच बाइट मावायचे. त्यापुढे तो विजेच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावरून सुरू व्हायचा. दशांशाचा प्रकार घ्यावा असं आधी वाटलं. तो भलेमोठे आकडे पेलतो, पण शेवटचे अंक गुपचूप गाळतो. त्याचा भरवसा वाटेना. शेवटी दुप्पट रुंदीचा पूर्णांक घेतला आणि आकडा खरा आला. मालक हसला, "चलो, बच गए." तिला निरोप धाडला. ती आली नाही.

तुम्हाला हे सांगितलं, तेव्हा तुम्ही सदरा चढवून लोधीपुऱ्याकडे चालत निघालात. परत येऊन म्हणालात, "झालं." त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली.

परवा ती बसस्टँडवर भेटली. बोलता बोलता म्हणाली, "तुझे आप्पा आले होते ना एकदा घरी. पाणी प्यायले, घरात कोण कोण कमावतं विचारलं, इकडे तिकडे बघितलं आणि गेले. कशाला आले होते गं?"

मी विषय बदलून तिची बस कुठली ते विचारलं. माफी मागायला गेलात आणि तोंडातून शब्द फुटला नाही, की तिच्याबद्दल खात्री करून घ्यायला गेला होतात? आता तुम्हीच नसताना हे पत्र टाकायचं तरी कुठे? आणि खरं सांगते आप्पा, तुमचं उत्तर आलं असतं, तरी त्यावर माझा विश्वास बसला नसता.