कोरडे बारा ठोकळे

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. अमरसिंहमामांस,
शि. सा. न. वि. वि.

कटरच्या आवाजानं तुमचे कान गेले म्हणून पत्र, नाहीतर इथूनच ओरडले असते! तुमच्या शेडमधली ग्रॅनाइटची भुकटी सिमेंटमध्ये मिसळून केलेले चोवीस ठोकळे आज कॉलेजात मशिनखाली फोडले. बारा ठोकळे अठ्ठावीस दिवस तुमच्या हौदात बुडालेले, बारा मुद्दाम कोरडे ठेवलेले. कोरडेही जवळजवळ तेवढेच भक्कम निघाले! म्हणजे भुकटीच्या सिमेंटला पाणी मारायची गरजच नाही. वीस तारखेला सगळ्या सरांपुढे हेच ठणकावून सांगणार आहे.

तुम्ही कोरड्यांना हातही लावला नाहीत. ही शिस्त तुमच्या स्वभावात बसत नाही, पण कौतुक वाटलं.

मामींना नमस्कार. लोभ होता तसाच ठेवा.

तुमची,
भैरवी

शिरोळ,
१५ फेब्रुवारी

चि. भैरवीस,
अ. आ.

पत्र वाचून मामी हसत सुटली आणि मी घाईनं हे लिहायला बसलो. पोरी, तसलं काही सांगू नकोस. कोरड्यांना मी रोज पाणी मारत होतो. वर ओलं पोतंही. रविवारी तू यायच्या आत पोतं लपवून ठोकळे उन्हात वाळवायचो.

काय करू? शेड टाकण्याआधी वीस वर्षं गवंडीकाम केलं. शेजारी बारा जण हौदात डुंबताहेत आणि हे तहानलेले, बघवेना. पोरीनं नगं म्हटलंय तर कशाला कडमडतासा, असं मामीनं तेव्हाच बजावलं होतं. पण तुझं ऐकून कुणी स्लॅबला पाणीच मारलं नाही तर?

टपालाचा भरवसा नाही, म्हणून मामीच हे घेऊन एसटीनं येते आहे. ती सांगेल त्यातलं निम्मंच खरं मान. माया कमी करू नकोस.

तुझा अपराधी,
मामा

कोल्हापूर,
२३ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींनी नुसतं सांगितलं नाही, पोतं पांघरून दाखवलं.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला उभी राहिले आणि माझ्या मामांनी चोरून पाणी पाजलं, असं सरळ सांगून टाकलं. सगळे हसले. मला रडू येत होतं. सरांनी महिन्याची मुदत दिली. नवे ठोकळे कॉलेजातच ठेवले, तुमचा हात पोचणार नाही असे. काल फोडले. पाण्यातले दणकट, कोरडे फार कमी दाबालाच फुटले. तुमचे चोरटे बारा मात्र प्रबंधात तिसरा गट म्हणून घेतलेत. बांधकामावर हौद कुठून आणणार, रोजचं पाणी आणि ओलं पोतंच कामाचं, असं सर म्हणाले. हुरळून जाऊ नका.

आणि मामींना सांगू नका, पण सहाव्या दिवशी नव्या कोरड्यांपुढे मी भरला तांब्या घेऊन उभी होते. कसाबसा परत ठेवला.

लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमचीच भाची,
भैरवी