मागची रांग हळूहळू धूसर

सोमवार
रोजनिशी लिहायची हे गेल्याच महिन्यात ठरवलं होतं. पेन सापडेना. पेन सापडलं तर मीच सापडेना. असो. आजपासून शिस्त.
फोटो स्टुडिओतली नोकरी टिकून आहे. झोपायला मागची खोलीही मिळाली. पलीकडच्या गावच्या बेकरीतली नोकरी एवढी टिकली नव्हती. बेकरीच्या शटरची किल्ली मात्र अजून माझ्याच खिशात. द्यायची आहे. या आठवड्यात नक्की.

मंगळवार
मालकांनी काम दिलं. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या, त्या समारंभाचा फोटो. बाई पुढे स्पष्ट, मागचा स्टाफ रांगेरांगेने ब्लर होत गेलेला. शाळेच्या फाटकावर बॅनर लागणार, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव. जमलं तर तू पक्का, नाहीतर बॅग भर, म्हणाले. म्हटलं, हातचा मळ.

दुपारी
झूम केलं. शेवटच्या रांगेमागे, दारात, दोन्ही हातांत केकच्या प्लेटा घेतलेला इसम मीच. त्या दिवशी मला ताप आलाय असं मालकांना कळवलं होतं. बोलावणं नव्हतं, पण केक तपासायला कुणीतरी जाणकार नको? मालकांचं अजून लक्ष गेलेलं नाही. ब्लर आता कलेचा नाही, अब्रूचा प्रश्न आहे.

बुधवार
व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. फोटोची कॉपी पूर्ण ब्लर करून वर ठेवायची, तिला मास्क लावायचा. मास्क पांढरा तिथे ब्लर दिसतो, काळा तिथे लपतो. पांढऱ्याकडून काळ्याकडे ग्रेडियंट ओढला की मधलं हळूहळू आपोआप. पुढचा व्हिडिओ पाणबुडीचा लागला. पाणबुडीबद्दल बरंच कळलं.

गुरुवार
ग्रेडियंट उलटा ओढला गेला. बाई धुक्यात, मी लख्ख. उलटं करायचं बटण असतं. दाबलं. बाई लख्ख, मी नुसता ठिपका. चहाला गेलो.
आल्यावर ताईचा फोन. स्टुडिओचं एडिटिंग आता माझ्याच डोक्यावर आहे, सांगितलं. मग स्टुडिओचं कठीण आहे, म्हणाली. बोलता बोलता आठवलं, ते उलटं करायचं राहिलंय. दाबलं. थेट छपाईला पाठवलं. पुन्हा उघडून पाहिलं नाही. स्वतःच्या कामावर अविश्वास बरा नव्हे.

शनिवार
बॅनर बघून आलो. पुढे एक मोठा ढग, ढगाला चष्मा. मागे दारात मी. ओठाला लागलेलं केकचं क्रीमसुद्धा मोजून घ्यावं इतकं स्वच्छ.
मालकांचा फोन. रागावले नाहीत. ताप उतरला का, एवढंच विचारलं. माणूस प्रेमळ.

रविवार, सकाळी
बॅग भरून ठेवली आहे, उगाच आपली. मालक आले की समजावून सांगणार. नजर खोलवर जावी म्हणून मुद्दाम केलंय, नवी पद्धत आहे.
दार वाजलं.
मालक नाहीत. बेकरीवाले काका आहेत. फाटकावरून चालले होते म्हणे. फोटो फार स्पष्ट आलाय, म्हणाले. कामाची पहिली तारीफ. मी गेल्यापासून खिडकीतून चढून बेकरीत जातायत. गुडघा दाखवला.
खिसे तपासतोय. किल्ली दुसऱ्या पँटीत असावी. दुसरी पँट बॅगेत तळाशी.