तिसऱ्या परिच्छेदाचं काम

२ मार्च १९८६

मला पेपर काढायला सांगितलाय! मला! तालुक्याचा सातवीचा मराठीचा. लखोट्यावर लाल शाईत 'गोपनीय'. आमच्या हेडमास्तर वामनरावांनी तो दोन बोटांत असा धरून दिला, जसा काही विंचूच. "कोनाले सांगू नोका, मनकर्णाबाई. घरीबी नाई." म्हणून इथे लिहिते. वहीला तोंड नाही.

५ मार्च

उतारा कुठल्या पुस्तकातून घ्यायचाच नाही, स्वतः लिहायचा! 'कुरखेड्याचा बाजार'. चार परिच्छेद. पहिल्यात बाजार भरतो. दुसऱ्यात मोहफुलं, चिंच, डिंक, धान. तिसऱ्यात बेहड्याच्या झाडाखाली बसणारा सायकलवाला — ट्यूब पाण्यात बुडवून, गुणगुणत बुडबुडे शोधणारा. (म्हणजे आपला श्रावण. नाव घातलेलं नाही.) चौथ्यात बाजार उठतो. एका बैठकीत झाला! आई दोनदा जेवायला हाक मारून गेली, मी नुसती "हो हो". भात थंड.

प्रश्न चौथा माझा लाडका — 'तिसऱ्या परिच्छेदाचे उताऱ्यात काय काम आहे?' पोरं दरवेळी परिच्छेदात आहे तेच उतरवून काढतात. काय सांगितलंय ते नको रे बाबांनो, कशाला सांगितलंय ते सांगा! यंदा पकडतेच एकेकाला.

१० मार्च

वर्गात युक्ती शिकवली. (दुसऱ्या उताऱ्यावर. मी काय वेडी आहे?) परिच्छेद तळहाताने झाकायचा, बाकीचं वाचायचं. जिथे अडेल ते त्या परिच्छेदाचं काम. मागच्या बाकावरचा पोचू म्हणाला, "बाई, म्हंजे माय गावाले गेली का घरात समजते, तसं." शाबास! मला इतक्या वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

१४ मार्च

पेपर मंजूर वामनराव करणार. उतारा वाचला, चष्मा वर केला. "ह्या तिसऱ्याचं काई काम नाई, बाई. काहाडून टाका."

मी म्हटलं, उताऱ्यात बिनकामाचा परिच्छेद नसतो.

"मंग सांगा ना काम."

आपल्याच प्रश्नाला नापास! उद्यापर्यंत नमुना उत्तर दिलं नाही तर परिच्छेद जाणार.

१५ मार्च

आपलीच युक्ती आपल्यावर. तळहात ठेवला. बाजार पुरता भरतो, पुरता उठतो. काहीच अडत नाही! फक्त तो बाजार मला आवडेना. आता हे काय नमुना उत्तर झालं?

शेवटी खरडलं — 'बाजारात वस्तूंप्रमाणेच कौशल्यालाही मोल असते हे दाखवणे.' वामनरावांनी मान डोलावली. वाचला! खोटं बोलल्यासारखं का वाटलं कोण जाणे. पण वाचला! येताना दोन्ही हात सोडून सायकल चालवली. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायकांनी पाहिलं. पाहू दे.

२ एप्रिल

नागभीडचं स्थळ आलं. जयभीम करून मंडळी बसली, चहा-पोहे झाले. मुलगा बँकेत. शांत, नीटनेटका, नाव ठेवायला जागा नाही — मी शोधली. आई म्हणते, "असा पोरगा पुन्हा भेटनार नाई." महिनाअखेर कळवायचंय. हो म्हणेन बहुतेक. नाही म्हणायला काही कारण तरी हवं ना!

१७ एप्रिल

पेपर झाला. आमच्या शाळेतली पोरं उड्या मारत बाहेर आली. उतारा आवडला म्हणे! कोणी काढला असेल, विचारत होती. मी खडू मोजत राहिले.

२६ एप्रिल

एकशे बारा उत्तरपत्रिका तपासायला. प्रश्न चौथा —

'तिसऱ्या परिच्छेदाचे काम पंक्चर काढणे.'

'लेखकाची सायकल फार बिघडते.'

'बाकीचा बाजार लेखकाने चालता चालता पाहिला. हा मानूस उभे राहून पाहिला.'

इथपर्यंत हसून हसून पोट दुखलं. मग एका पोरीचं, गोल गोल अक्षर — 'लेखिका असेल तर तिचे त्याच्यावर मन आहे. लेखक असेल तर मला माहीत नाही.'

हसू थांबलं. दिवाळीपासून सायकल कितीदा त्याच्याकडे नेली ते बोटांवर मोजलं. हाताची बोटं पुरेनात. आणि टायर दोन्ही नवे!

नमुना उत्तराप्रमाणे तिला शून्य. मी पाचपैकी पाच दिले.

२९ एप्रिल

आईला म्हटलं, नागभीडला नाही कळव. "काऊन? काय खोट हाये त्याच्यात?" काही खोट नाही गं. तिसरा परिच्छेद म्हणाले असते तर तिने मला डॉक्टरकडेच नेलं असतं. दुपारपासून भांडी आपटतेय. वाईट वाटतं, फार वाटतं. आणि तरी पाय जमिनीवर नाहीत!

श्रावणला यातलं काही ठाऊक नाही. "बाई, झाली तुमची सायकल" यापलीकडे तो माझ्याशी कधी बोललेला नाही. मी बुडबुड्यांपायी बँक सोडली!

८ मे

बाजार. सायकल नेली. चाक धड होतं, तरी त्याने न विचारता उलटी करून ठेवली. खाली मान घालूनच म्हणाला, "माही पुतनी होती सातवीले. पेपर घरी आनला तिनं. कोनं काहाडला ते कोनी सांगतलं नाई. पर माह्याजवळ येवढा टाईम कोन उभं राह्यते?"

मग अख्खा परिच्छेद म्हणून दाखवला. एक शब्द इकडचा तिकडे नाही!

"एक चुकी हाये, बाई. तुमी लिवलं का हा मानूस काम करताना गुनगुनते." उगाच चाक फिरवलं. "तुमी नसल्या का, नाई गुनगुनत."