होडी न्यायला येऊ नकोस

म्हसवडजवळ, तलावाच्या काठावरून
माघ महिना, १९७६

प्रिय बिरा,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काल आमटी उतू गेली, सासूबाई ओरडल्या, तरी माझं लक्ष नाही. येत्या बाजारादिवशी गॅरेजच्या मालकाचा ट्रक घेऊन येतो, होडी शिरवळला नेतो आणि मोडून टाकतो, असं लिहिलंयस. वर दाजींसाठी तिथल्या कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी बघून ठेवलीय म्हणतोस. हे बघ, आधी माझं ऐक. होडी न्यायला येऊ नकोस. यायचंच असेल तर तुझी ती ठिणग्या उडवणारी सगळी हत्यारं घेऊन ये आणि होडी नीट करून दे. काय काय करायचं ते मी खाली लिहिते. शांतपणे लिहू म्हणून बसले होते, पण शांतपणा तुझ्या अक्कात कधी होता, सांग बघू!

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. आश्विनात तो प्रकार झाला तेव्हापासून तू इकडं फिरकला नाहीस. भाऊबीजेला ताट करून मी दारात उभी, तर तुझं पाकीट आलं, तू नाही आलास. तुला वाटतं, माझ्या होडीनं दाजींना बुडवलं. अरे खुळ्या, तू काय वाईट मनानं केली होतीस का? दुष्काळात आमची मेंढरं गेली. मग पाऊस झाला, तलाव भरला, लोक मासे धरायला लागले. तू नुकताच पलटणीतनं सुटून आला होतास. तिकडं साहेब लोक एकेकटे बसून नदीतनं जायचे, त्या दोन्ही टोकांना निमुळत्या होड्या तुझ्या डोळ्यांत भरल्या होत्या. डांबराच्या पिंपांचा पत्रा ठोकून तशीच एक तू आमच्या दारात आणून ठेवलीस. दोन्हीकडं पातं असलेलं वल्हंसुद्धा केलंस. सगळा धनगरवाडा बघायला लोटला होता. तुझं काम चोखच होतं बिरा. चुकलं एवढंच की होडी केलीस साहेबासाठी आणि तीत बसला धनगर.

त्या दिवशीचं तू दहा तोंडांनी ऐकलं असशील, आता माझ्याकडनं ऐक. ऊन कललं होतं, पश्चिमेचं वारं सुटलं होतं. ह्यांनी जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली. का, तर जन्मभर घोड्याची दोरी मनगटाला गुंडाळून चालायची सवय. डोक्यावर घोंगड्याची खोळ. जाळ्याला बांधलेले तरंगते भोपळे वाऱ्यानं कुठं वाहात गेले ते दिसेना, म्हणून गडी उठून उभा राहिला. उभा राहून वल्ह्यावर भार टाकला, माळावर काठीवर भार टाकून कळपाकडं बघतात ना, अगदी तसा. पण वल्ह्याखाली माळ नव्हता रे, पाणी होतं! होडी पाट्यावरच्या वरवंट्यासारखी गरकन फिरली. भिजलेलं घोंगडं किती जड होतं ते तुला सांगायला नको, दोघी बायकांना पिळून होत नाही. उलट्या होडीला धरायला कुठं काही नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. धरू धरू म्हणता त्यांची दोन नखं निघाली. तो कोंडीबा म्हातारा आहे ना, कृष्णाकाठचा, गुऱ्हाळातली रस कढवायची जुनी काहील आणून तीत बसून मासे धरतो, तो हातानं पाणी मारत मारत पोचला, मनगटाची दोरी कापली आणि ह्यांना काहिलीत ओढून घेतलं. मी काठावर होते. मला पोहता येत नव्हतं. मी नुसती बोंबलत होते. अजून कधी कधी भाकरी थापता थापता ते सगळं डोळ्यांपुढं येतं आणि तव्यावरची करपून जाते.

तेव्हा पहिली गोष्ट. माणूस उभा राहू नये असं म्हणून भागायचं नाही. जन्म माळावर उभं राहण्यात गेला, तो आता बसून राहील होय? माणूस बदलत नाही, तू होडी बदल. तिचा तळ सपाट कर आणि वीतभर रुंद कर. चाल कमी होईल असं तू म्हणशील. होऊ दे. साहेबाला शर्यत मारायची असते, आपल्याला मासळीच्या मागं जायचंय, ती काही पळून पंढरपूरला जात नाही. मधोमध पाय रोवायला लाकडाची फळी टाक आणि फळीवर काथ्या ठोक, म्हणजे ओल्या पायाला सरकायचं नाही. बाहेरनं सगळ्या कडेला दोर फिरव, हातभर अंतरावर गाठी मारून. होडी उलटली तरी माणसाच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे बिरा. हे एक विसरलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

दुसरं म्हणजे दोन्ही टोकांच्या पोकळीत रॉकेलचे रिकामे डबे बसव, तोंडाला कथलाचा पक्का डाग मारून. आत हवा कोंडून राहिली पाहिजे. हे मी ऐकीव सांगत नाही. असे दोन डबे आत बांधून, होडी कमरेएवढ्या पाण्यात नेऊन, कडेपर्यंत पाणी भरून बघितलंय. दबली, पण बुडाली नाही, म्हशीसारखी नाकाडं वर काढून राहिली. मला इतका आनंद झाला की मी पाण्यातच टाळ्या पिटल्या. मग बघते तर एक टोक कलायला लागलं, एका डब्याचा डाग कच्चा निघाला. म्हणून म्हणते, हे काम तुझ्याच हातचं पाहिजे. त्याच्याआधी मी आणखी एक अक्कल पाजळली होती, तीही ऐक. होडीला आडवे दोन बांबू बांधले आणि एका अंगाला डबे लावले, कलंडू नये म्हणून. कलंडली नाही, ते खरं. पण जाळं ओढताना सगळं जाळं त्या बांबूंत गुंतलं आणि होडी घाण्याच्या बैलागत गोल गोल फिरत बसली. कोंडीबा काहिलीत बसून इतका हसला, इतका हसला, की तोच पडायची वेळ आली. वर मला म्हणतो, आवं बाई, मासं धरताय का दळण दळताय? तेव्हा बांबू नको. तळच रुंद कर.

जाळ्याची दोरी अडकवायला कडेला लोखंडाचा एक आकडा जोड. हिसका दिला की दोरी सुटून गेली पाहिजे, असा. जाळं गेलं तर परत विणता येतं. काठाचा पत्रा तू नुसता कापून सोडलायस, त्याच्यावर सायकलचा जुना टायर चिरून बसव. हात कापतात आणि लुगडं अडकून फाटतं. कापड म्हणायचं होतं मला. आणि हो, कुठं स्कूटरची टाकून दिलेली ट्यूब मिळाली तर आण. हवा भरून गळ्यातनं काखेखालनं घातली की माणूस वर राहील. भोपळे बांधले तरी माणूस तरंगतो, पण ते काखेला रुततात आणि वल्हं मारू देत नाहीत. वल्हं हातभर कमी कर, फार लांब होतं. बसायची फळी चार बोटं वर घे. दाजी तर चांगले उंच, मग वल्हं आखूड कशाला, असा विचार आत्ता तुझ्या डोक्यात आलाच असेल. येऊ दे. पुढं वाच.

दाजींचं विचारलंस. बरे आहेत. जेवतात, जाळी विणतात, सासूबाईंचे पाय दाबतात. जाळं असं विणतात की एक गाठ इकडची तिकडं नाही. पण विणायला बसतात ते तलावाकडं पाठ करून. येणारा जाणारा विचारतो, काय धुळा, आज न्हाई का गेला? तर म्हणतात, वारं लय हाय गड्या, उद्या बघू. झाडाचं पान हलत नसतं तेव्हासुद्धा ह्यांना वारं लागतं. हा माणूस कळपात लांडगा शिरला तर नुसती काठी घेऊन अंगावर धावून जाणारा, हे तू डोळ्यांनी बघितलंयस. पाण्याला भ्याला म्हणून काय झालं? ज्या मुलखात प्यायला घागरभर मिळत नाही तिथला माणूस पाण्याला भिणार नाही तर काय करणार? मला त्याची लाज वाटत नाही. त्यांनाच वाटते, आणि ते खाली मान घालून गाठी मारत बसतात.  मी काही बोलले तर उठून जातील.

आता तुझी ती नोकरी. तुझं मन मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ह्यांना खाकी घालून फाटकाशी उभं करायचं, राखायला पुढ्यात एक जितराब नाही, नुसत्या येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या बघायच्या. सहा महिन्यांत माणूस वाळून जाईल. आणि माझं काय रे? माझं कोणी विचारत नाही, तूसुद्धा नाही विचारलंस. दसरा झाला की आम्ही कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचो. बिऱ्हाड घोड्यावर, वरती कोंबड्या, पुढं कुत्री, आणि मी सगळ्यांच्या पुढं. रोज नवं पाणी, रोज नवी चूल. चालून चालून पाय दुखायचे आणि मी शिव्या द्यायचे. दुष्काळात मेंढरं गेली, घोडं गेलं, आणि चार वर्षं होत आली, मी एका जागी आहे. बायका म्हणतात, सुलाबाईचं बरं झालं, वणवण सुटली, डोक्यावर कौलं आली. कसलं डोंबलाचं बरं! घरात जीव घुसमटतो माझा. उगीच दारात जाते, परत आत येते, भांडी या फळीवरनं त्या फळीवर लावते. दसऱ्याच्या सुमाराला तर पायांना अशा मुंग्या येतात की वाटतं, आहे तशी उठावं आणि घाटाच्या दिशेला चालत सुटावं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटेल, मेंढरं गेल्याचा मी दोष देते.

म्हणून आता सरळ लिहूनच टाकते. पौषापासून तुझ्या होडीत मी जाते, पहाटे, गाव उठायच्या आत. कार्तिकात भोपळे बांधून कोंडीबानं मला पोहायला शिकवलं, आणि वर लिहिलेली सगळी मापं माझी आहेत. गावाला वाटतं मासळी धुळा आणतो, वाटू दे. मी जाळं ओढत असते तेव्हा हे काठावर येऊन उभे राहतात, तेवढा वेळ पाठ करत नाहीत, आणि वारं फिरलं की कळपाला घालायचे तशी हाळी घालतात. ती ऐकली की मी वळते. सासूबाई तोंडानं शिव्या देतात आणि हातानं भाकरी बांधून देतात. दोनदा होडी माझ्याखालनं निसटता निसटता राहिली, हे मी घरात कोणाला बोलले नाही, तुलाच लिहिते. भ्या वाटतं बिरा, लय भ्या वाटतं. पण मधोमध गेले, चहूकडं पाणी झालं, की चार वर्षांत पहिल्यांदा मी कुठंतरी निघालेय असं वाटतं. तेव्हा मला थांब म्हणू नकोस. ही होडी मोडलीस तर मी तराफ्यावरनं जाईन, तोही नसला तर दोन ओंडके बांधून जाईन. मी जाणार, ते ठरलंय. कशातनं जाणार, तेवढं तुझ्या हातात आहे.

तुझीच,
सुलाअक्का