हेल जानकाबाईचा आहे

मी, वैजयंती सावळेराम चाळक, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय दुपारच्या मालिकेतली सासू (सध्या निवृत्त), राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने, भुलवण्याने किंवा दिग्दर्शकाच्या सांगण्याने नव्हे, तर राजीखुशीने करून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "मंगळवार. आणि आजी कुणाला म्हणता?" त्यांनी लगेच सही केली.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मालिकेत तीन वेळा केलं होतं आणि तिन्ही वेळा सुनेने ते चुलीत घातलं, ते धरू नये.

वाचणाऱ्याला उगाच पानं उलटायला नकोत म्हणून आधीच सांगते. घर, शेत, साड्या हे ओघाने आलेलं आहे. हा कागद मी सहाव्या कलमासाठी केला. माझी थोरली जाऊ जानकाबाई नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे. मी गेल्यावर तिने माझ्यावर रडावं, एवढी एकच गोष्ट मला खरोखर हवी आहे. बाकी कुणाला काय मिळालं नाही म्हणून रुसायचं असेल त्याने खुशाल रुसावं.

कलम १. पिंपळवंडीतलं माझं राहतं घर माझी मुलगी प्रतिभा हिला मिळावं. ती अवसरी बुद्रुकला दिलेली आहे आणि तिथे शाळेवर शिकवते. घराच्या भिंती माझे यजमान कैलासवासी सावळेराम यांच्या वाटणीतल्या. छप्पर, फरशी आणि वरची खोली मालिकेने घातली. जावईबापूंनी वरच्या खोलीत कांदा भरू नये, त्यांचा डोळा आहे हे मला माहीत आहे. अट एकच. आमचं आणि जानकाबाईचं घर भिंतीला भिंत लागून आहे आणि पडवीत मधलं दार आहे. पूर्वी त्या दाराने ताक, कालवण, भांडणं, सगळं इकडून तिकडे जायचं. आता नऊ वर्षं त्याला कडी आहे आणि कडी तिच्या बाजूने आहे. प्रतिभाने ते दार विटा लावून बुजवू नये. कधीच नाही.

कलम २. विहिरीजवळचं वीस गुंठे रान मी माझ्या कमाईतून घेतलं. ते जानकाबाईचा मुलगा गोकुळ याला द्यावं. नाहीतरी तोच कसतो. आई बोलत नाही म्हणून तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो, पण बोलतो. बँकेतलं काय ते वकीलसाहेबांनी वेगळ्या कागदावर लिहिलंय. मला त्याचा कंटाळा येतो.

कलम ३. माझ्या कपाटातल्या जरीच्या सगळ्या साड्या साधनाला द्याव्यात. ही साधना म्हणजे मालिकेतली माझी सून. चौदा वर्षं मी तिला छळलं. उपाशी ठेवलं, कोठीत कोंडलं, तिच्या दुधात काय काय कालवलं. मुस्काटात तर इतक्यांदा मारली की मोजदाद राहिली नाही, पण एकदाही हात लागू दिला नाही. शूटिंगच्या मधल्या वेळात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची आणि मी तिच्या तोंडावरची माशी हाकलायची. पोरी, साड्या नेस, कपाटात ठेवू नकोस.

कलम ४. मालिकेत मी घालायची ती मोठी नथ (खोटी आहे) ओतूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या धोंडाबाईला द्यावी. एका बाजाराला मी तिच्याकडे मेथी मागितली तर तिने जुडी मागे ओढली. म्हणाली, "सुनंला उपाशी ठिवतीस आन सवता मेथी खातीस व्हय? न्हाई देनार जा!" चार माणसं जमली, सगळी तिच्याच बाजूने. मी मेथी न घेता घरी आले आणि वाटभर हसत होते. आम्हाला बक्षिसं पुष्कळ देतात, पण धोंडाबाईसारखं बक्षीस मला कुणी दिलं नाही.

कलम ५. ज्या लेखकाने शेवटच्या भागात मला विहिरीत पाय घसरून मारलं त्याला काहीही मिळू नये. पिंपळवंडीची बाई विहिरीत घसरून पडते काय! आमचा जन्म विहिरीच्या पायऱ्यांवर गेला. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

कलम ६. आता जानकाबाईचं.

बावीस वर्षांपूर्वी घाटघरला एका मालिकेचं शूटिंग होतं. घाटघर म्हणजे जानकाबाईचं माहेर. तिच्या ओळखीने आमच्या बचत गटाला तिथल्या जेवणाचं काम मिळालं. आम्ही दोघी जावा चार दिवस भाकऱ्या बडवत होतो. तिसऱ्या दिवशी मैताचा प्रसंग होता आणि रडायला आणलेल्या बायका काही केल्या रडेनात. दिग्दर्शक आमच्याकडे आला. जानकाबाई म्हणाली, "जित्या मानसावर रडायचं? आमी नाय बाई." मी मात्र पदराला हात पुसले आणि जाऊन बसले.

इथे सांगायला हवं की जानकाबाई रडण्यात पंचक्रोशीत पहिली. कुणाचंही मैत असो, ती आली, तिने हेल काढला, की दगडाला पाझर फुटायचा. ती नुसती रडत नसे. गेलेल्या माणसाची जी गोष्ट कुणालाच ठाऊक नाही नेमकी तीच सांगायची. आमच्या सासऱ्यांच्या वेळी तिने हेल काढला होता, "मामंजी वो, माज्या लेकराच्या तापात तुमी दारात बसून रात काढली वो, कुनाला कळू दिलं न्हाई वो." तोवर ते घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

तर मी जाऊन बसले आणि जानकाबाईचा हेल जसाच्या तसा काढला. दिग्दर्शक "कट" म्हणाला. मी थांबले नाही. आमच्याकडे रडणारी बाई आपली आपण थांबत नसते. दुसऱ्या बाईने तांब्याभर पाणी आणायचं, तोंड पुसायचं, "पुरे आता" म्हणायचं, मग ती थांबते. पाणी येण्याआधी गप्प बसली तर लोक म्हणतात, वरवरचं होतं. मला काय माहीत शूटिंगमध्ये पाणी आणायची पद्धत नाही ते! मी आपली रडतेय, ते आपले "कट, कट" ओरडतायत. वीस पावलांवर जानकाबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती, पण पुढे आली नाही. शेवटी तिरडीवरचं मढंच उठलं, नाकातले बोळे काढले आणि आपल्या बाटलीतलं पाणी मला पाजलं. त्या एका दिवसात मी मालिकेची सासू झाले, कावेरीबाई. चौदा वर्षांत त्या घरात अकरा मैतं झाली. त्यातली चार माणसं पुन्हा परत आली. पण मी अकराही वेळा रडले आणि अकराही वेळा हेल जानकाबाईचा होता.

इथवर ठीक होतं. घरी आले की ती म्हणायची, "कालचा हेल मदीच तुटला तुजा, दम धर जरा." दुपारी दीड वाजता टीव्हीसमोर बसून ती माझ्या चुका काढायची आणि मी त्या सुधारायची. माझी खरी दिग्दर्शक तीच होती.

मग एका मुलाखतीत मला विचारलं, तुम्ही इतकं छान रडायला कुठे शिकलात? समोर माणसं, दिवे, मी फुशारले. म्हटलं, "आमच्याकडे एक बाई आहे, कुणाचंही मढं असो, ही आपली बोलावल्याशिवाय हजर. तिची नक्कल करते." लोक हसले. मीही हसले. सगळ्या गावाने ऐकलं आणि सगळ्या गावाला कळलं कोण ते.

पंधरा दिवसांनी जानकाबाईचा भाऊ कुशाबा गेला. आम्ही सगळे घाटघरला गेलो. जानकाबाईने हेल काढला, "दादा रं, भाताच्या चिखलात तुजा पाय माज्या आदी पडायचा रं..." आणि मागे बसलेल्या तरण्या पोरींनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. एक हळूच म्हणाली, "कावेरीबाई." जानकाबाईच्या कानावर ते गेलं. ती तिथेच थांबली. पाणी कुणी आणलं नव्हतं, तरी थांबली. सख्ख्या भावावर तिला पोटभर रडताही आलं नाही. मी तिथेच होते. तांब्या माझ्या हाताशी होता. लाजेने मला उठवेना. त्या दिवशी घरी येऊन तिने मधल्या दाराला कडी घातली. तेव्हापासून ती मैताला जाते, पण गप्प बसून येते.

म्हणून मी सर्वांसमक्ष लिहून देते की हेल जानकाबाईचा आहे. माझ्या नावावर जे कौतुक आहे त्यातला रडण्याचा भाग तिचा. मला मिळालेली "सर्वोत्कृष्ट खलनायिका" ही ट्रॉफी मात्र तिला देऊ नये, ती आणखी चिडेल. ती प्रतिभाने पापड लाटून झाले की वर दाबायला वापरावी. घाटघरला तिच्या हातात होता तो तांब्याचा तांब्या माझ्याकडे राहिलाय, तो जानकाबाईला परत द्यावा. आणि मी तिची माफी मागते. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात माफी बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

माझ्या मैताला जानकाबाई आली तर तिने रडावं. नाही रडली तर कुणी तिला काही म्हणू नये. रडली आणि कुणी हसलं, तर त्याला तिथून उठवावं, मग तो कुणीही असो.

कलम ७. दशक्रियेला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं नकोत. ते मला कावेरीबाई म्हणतील आणि माझं खरं नाव शेजारच्याला विचारतील. फ्लेक्सवर नथीतला फोटो लावू नये. कपाटातली, शूटिंगला डोळ्यांत पाणी आणायची ग्लिसरीनची बाटली मोरीत ओतावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रतिभाने करावी.

टाइप केलेला मजकूर इथे संपतो. यापुढचं माझ्या हस्ताक्षरात आहे.

आज सही करायची म्हणून बाळासाहेब वकील जुन्नरहून आमच्या पडवीत आले. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते सगळंच मोठ्याने वाचतात. सहावं कलम वाचून झालं आणि मधल्या दाराची कडी वाजली. दार नऊ वर्षांत फुगलं होतं, तिला दोनदा खांदा लावावा लागला.

"वैजयंते," जानकाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मेल्यावर माफी मागतीस व्हय गं? तवा मी तुला कुटं हुडकू? मागायची तर जित्तेपनी माग."

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हे खाजगी काम चाललंय."

"लई मोट्यानं वाचलंत तुमी खाजगी. आता गप ऱ्हावा."

चौदा वर्षं मी पानंच्या पानं संवाद पाठ केले. त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." आणि मला रडू फुटलं. हेल नाही, सूर नाही, नाक गळत होतं, शेंबड्या पोरीसारखी मी हुंदके देत होते आणि मला थांबता येईना. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

जानकाबाई उंबरा ओलांडून आत आली. मग तिने फडताळातला तो तांब्या घेतला, माठातलं पाणी भरलं, माझ्यापुढे बसली. पदराने माझं तोंड पुसलं. म्हणाली, "पुरे आता." मी पाणी प्यायले आणि थांबले.

नंतर ती म्हणाली, "आन मी आदी गेले तर? माज्यावर कोन रडंल? तुला तर ती बाटली लागती."

म्हणून मी इथे स्वतःला बांधून घेते की जानकाबाई माझ्याआधी गेली तर मी तिच्यावर रडेन, बाटलीशिवाय, आणि तिने भावासाठी अर्धा सोडलेला हेल तिथून पुढे पुरा करेन. तो कसा पुरा करायचा ते तिने मला आजच शिकवायला घेतलं. पहिल्याच ओळीला म्हणाली, "दम धर जरा."

जानकाबाई साक्षीला सही करते म्हणाली, तर वकीलसाहेबांनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. जानकाबाई म्हणाली, "मंग तांब्या आत्ताच नेते की." तांब्या गेला. म्हणून सहाव्या कलमातला तांब्याचा भाग रद्द समजावा. माफीचा भाग आज पडवीत अमलात आला. रडण्याचा भाग शिल्लक आहे.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, मला कळलं, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली.

ठिकाण: पिंपळवंडी, मधलं दार उघडं असताना
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) वैजयंती सावळेराम चाळक

साक्षीदार:

१. (सही) दादाभाऊ चाळक, शेजारी, पिंपळवंडी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) जानकाबाई गेणभाऊ चाळक, थोरली जाऊ, पिंपळवंडी. सही माज्यासमोर केली. बाई शुद्धीवर व्हती. रडायचं मी बगीन. घाई करू नको.