मागची खोली

प्रिय अजित,

फोनवर मी 'जेवलास का' एवढंच विचारते आणि बाकीचं पोटातच राहतं. म्हणून लिहायला बसले. आश्रमशाळेतलं सातवीपर्यंतचं मराठी आहे, चुका दिसल्या तर हसू नकोस.

आपली मागची खोली भाड्याने दिली. गेल्या वर्षी केळीच्या पॅकिंगला बंगालची टोळी आली, त्यातला निताई, त्याची बायको पार्बती आणि सहा वर्षांची पोर. गावात त्यांना कुणी खोली देईना. खरं सांगते, पहिल्या दिवशी मीही दिली नाही. पार्बती दारात आली तेव्हा बोलून गेले, "तुमच्या लोकांचं काही सांगता येत नाही." ती आल्या पावली वळली. पण माझं भाकरीवर लक्ष लागेना. तुझ्या जन्माआधी बाबा आणि मी धडगावच्या डोंगरातून ऊसतोडीला इथे उतरलो, तेव्हा केळीवाल्या कुंदनभाऊंच्या आईने हेच शब्द मला ऐकवले होते. तवा उतरवला आणि निघाले. तिघं पॅकिंगच्या शेडमागे बोचकी घेऊन बसलेले. म्हटलं, चला.

गावाला राग आला. ग्रामसभेत कुंदनभाऊ उठले, "कुठला लोक शेतस, यास्ना काय भरोसा शे?" मी पंचायतीची सदस्य असले तरी एरवी सभेत कमीच बोलते. त्या दिवशी बोलले. "भाऊ, मन्हा तरी कोनले भरोसा व्हता? आज मी आठे खुर्चीवर बसेल शे." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण खोली खाली करा, असंही पुन्हा कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेत घेऊन गेले. नईमाबाईंनी कागद पाहिले, नाव लिहिलं आणि पहिल्या बाकावर बसवली.

माणसं कशी बदलतात ते सांगते. निताईच्या हातून केळीला डाग पडत नाही, म्हणून कुंदनभाऊ आता त्याचीच टोळी मागतात. पण ते कामापुरतं. पार्बती खरी गावातली झाली ती नळावर. कुणीतरी तिचा हंडा मागे सरकवला, तर तिने कमरेला पदर खोचून इथेच शिकलेल्या अस्सल अहिराणीत असं भांडण केलं, की बाया हसत सुटल्या. त्या दिवसापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येतं. सगळेच वळले नाहीत. किराणावाला अजून तिच्याकडे संशयानेच बघतो. बघू दे. मला त्याची फिकीर नाही.

आता ज्यासाठी लिहिते ते. तुझ्यासोबतचा दलसिंग सुरतेहून सुट्टीवर आला होता. तो सांगत नव्हता, मीच काढून घेतलं. तू लग्न केलंस. मुलगी ओडिशाची, तुझ्याच मिलमध्ये काम करणारी. दोन होळ्या तू आला नाहीस, ते सुट्टी नाही म्हणून नव्हे. गाव काय म्हणेल, आई काय म्हणेल, या भीतीने. गावाचं वर लिहिलंच आहे, आणि लागलं तर नळावर उभं राहायला पार्बती आहे, मीही आहे. बाबा दोन दिवस रागाने ओट्यावरच जेवले, तिसऱ्या दिवशी विचारलं, ती भात खाते की भाकरी? तेव्हा या होळीला दोघं या. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात मला सुनेचा हात धरून फिरायचं आहे. तिचं नाव मी दलसिंगला मुद्दाम विचारलं नाही. ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

वाट पाहणारी,
तुझीच आई,
कालीबाई