मार्टेन सर, भुवया आणि मोठं पातेलं

थोरल्या अमोदिंगताईस धाकट्या अकुरुतचा नमस्कार. (राग अजून गेलेला नाही, पण नमस्कार वयाला असतो.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? इकडे शेळ्या, शाळेतली पोरं आणि मी, सगळे धडधाकट आहोत. मागे मी शाळेच्या पेजेसाठी तुमच्या चर्चमधलं मोठं पातेलं फोनवर मागितलं आणि तू ब्रसुद्धा काढला नाहीस, त्याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही.

तर आपली शाळा हॉलंडच्या ज्या मंडळाच्या पैशावर चालते, त्यांनी मार्टेन नावाचे एक निवृत्त मास्तर पाठवले. त्यांनी इंग्रजीतून शिकवायचं आणि पोरं खरंच शिकतात का ते मंडळाला कळवायचं. अहवाल वाईट गेला तर दुपारची पेज बंद. (पोरं शाळेत कशासाठी येतात ते तुला ठाऊक आहे. माझ्या शिकवण्यासाठी नव्हे.)

माणूस देवासारखा, पण चिवट. पहिल्याच दिवशी आंबा कापून अपूर्णांक शिकवले आणि विचारलं, कळलं का? सगळ्या वर्गाने भुवया उडवल्या. आता याहून स्वच्छ होकार कुठला? एवढ्यातेवढ्या 'हो'साठी तोंड कोण उघडतं? पण मास्तरांना वाटलं, पोरं चक्रावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आंबा, पुन्हा अर्धा-पाव, पुन्हा भुवया. आंबे संपले तेव्हा पपई, मग उकडलेला कसावा, शेवटी स्वतःच्या जेवणातली चपाती. धडा संपला की धडा खायला मिळायचा, त्यामुळे पोरांची काही तक्रार नव्हती. मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, काय कसून शिकवतात बाई हे लोक, नाहीतर आम्ही.

एक दिवस बिचारे डोळे पुसत माझ्याकडे आले. म्हणाले, अकुरुतबाई, मला खोटं लिहिता येत नाही, पोरांना काहीच कळत नाही असंच लिहावं लागणार. मी म्हटलं, अहो, त्यांना पहिल्याच दिवशी कळलंय. "खरंच?" मी भुवया उडवल्या. तर म्हणतात, "बघा, तुम्हालाही आश्चर्यच वाटतंय." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्यांना धरून वर्गात नेलं आणि पोरांना दम दिला, आज तोंडाने बोला, नाहीतर पेज गेली समजा. असा 'हो' आला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. अहवाल झकास गेला.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण आता मास्तरांनाच भुवया उडवायचा नाद लागला. रविवारी शाळा समितीचे अध्यक्ष एमुरोनकाका यांनी त्यांना नाचणीच्या दारूच्या मडक्याशी बसवलं, हातात दारू ओढायची लांब नळी दिली आणि सहज विचारलं, पलीकडच्या गावच्या पोरांनाही पेज द्याल ना? मास्तरांना आपल्या बोलीचं ओ की ठो कळत नाही. त्यांनी भुवया पार टोपीपर्यंत नेल्या. सोमवारी पलीकडचं अख्खं गाव पेले घेऊन फाटकात. उपाशी पोरांना परत कसं पाठवू? आमच्याच पोरांनी पेज वाटली, अर्धी, पाव, अगदी चोख. (अपूर्णांक पक्के आहेत.) पण पाव पेल्याने पोट भरत नाही, ताई.

भावोजींना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी (अजून थोडी रुसलेली)
अकुरुत

ता. क. : मास्तरांनी मंडळाला खरं काय ते कळवलं आणि जादा पीठ मंजूर झालं. पातेलं मात्र तेच, छोटं. म्हणून राग गिळून पुन्हा मागते.

ता. क. पुन्हा : पाकीट चिकटवता चिकटवता मनात आलं. त्या दिवशी फोनवर मी "पाठवतेस ना?" म्हटलं, तू गप्प राहिलीस आणि मी रागाने फोन बंद केला. ताई, तू तिकडे भुवया तर उडवल्या नव्हत्यास ना?